अर्धं पेरलेलं चित्र

किशनमामा टीव्ही बघत नसत. काचेला नाक टेकवून टीव्हीच्या रेघा बघत. आमच्या मुधोळ गावात टीव्ही दुरुस्त करणारे ते एकटेच. चित्र आलं की गिऱ्हाईक खूश होई, पण मामा संच सोडत नसत. "थांबा, दोन रेघा चिकटून राह्यल्या," म्हणत. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. सातवी नापास मामांनी माझ्या नजरेची कीव करावी हे मला मुळीच रुचत नसे, तरी रोज संध्याकाळी त्यांच्याच दुकानात जाऊन बसे.

"मास्तर, पडद्यावर अख्खं चित्र कदीच नसते," ते सांगत. "सव्वासहाशे रेघा. आदी एकाआड एक, मंग मधल्या. तुमची नजर भोळी, तिले वाटते सगळं संगंच आलं."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या शेजारच्या गंगाबाईंचा तरणाताठा माणिक तापाने गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. होती ती बहिणीच्या लग्नाची कॅसेट. वर्षश्राद्धाला पोराचा चेहरा भिंतीवर असावा, एवढीच गंगाबाईंची इच्छा. फोटोग्राफरने कॅसेट लावून टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढला, तर माणिकच्या तोंडावर काळा पट्टा. देवानं पोराचं तोंडही पुसलं, म्हणत त्यांनी अंथरूण धरलं. मी जाऊन कॅमेऱ्याच्या शटरचा वेग समजावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

मग मामा त्यांच्याकडे गेले, जमिनीवर बसले. "वयनी, पेरणं अर्ध्यावर असताना वावराचा फोटो काढला, तर कसं दिसंल?"

"अर्धं रिकामं," त्या म्हणाल्या.

"तसंच झालं. त्यानं घाई केली. पोरगं पुसलं नाई, पेरणं व्हायचं होतं."

गंगाबाई उठून बसल्या. माझी पदवी तिथेच पाण्यात गेली.

आता शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, म्हणजे दोन्ही फेऱ्यांच्या रेघा येतील. पण तेवढा वेळ माणसाने हलता कामा नये, आणि माणिक तर लग्नभर पळतोय. पंगतीत वाढतोय, पाणी आणतोय, नाचतोय. तीन दुपारी मामांनी खिडक्या लावून कॅसेट पुढेमागे केली. "एक घडी उभं राह्य ना बाबू," असं त्या पडद्यावरच्या पोराला विनवताना मी त्यांना ऐकलं, आणि मला हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो सापडला. आई त्याचा फेटा नीट करत होती आणि तो मान खाली घालून स्तब्ध उभा होता. फोटो स्वच्छ आला. मात्र त्यात फेट्यावर आईचे दोन्ही हात होते. मेलेल्याच्या फोटोत जित्या माणसाचा हात ठेवत नाहीत, म्हणून फोटोग्राफर ते कापायला निघाला. मामांनी त्याला अडवलं आणि फोटो गंगाबाईंपुढे धरला.

त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं. "हात राहू द्या, भाऊजी. त्या हातांपायीच तर तो थांबला."

वर्षश्राद्धाला त्यांनी फोटोला हार घातला. तो फोटोतल्या त्यांच्या स्वतःच्या हातांवरूनही गेला. मामा उठून ओसरीवर गेले आणि उपरण्यात तोंड घालून रडले.