चंदेरी कोट आणि तारामावशीचा हंबरडा

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी मी वारलो. त्या वेळी मी गात होतो, एवढाच माझा गुन्हा.

कॉलेजात असल्यापासून मला ग्लॅम रॉकचा अल्बम काढायचा होता. (ग्लॅम रॉक म्हणजे रॉकच, फक्त गाणाऱ्याने नवरीपेक्षा जास्त नटायचं.) मध्ये नोकरी, लग्न आणि मूळव्याध यांत तीस वर्षं गेली. बावन्नाव्या वर्षी एकदाची सहा गाणी लिहून झाली आणि मी ती बायकोला, वैशालीला, म्हणून दाखवली.

"अहो, ह्यातलं एक तरी गाणं कोणी शेवटपर्यंत ऐकलं ना, तर मी नाव बदलीन!"

झालं! आता माघार नव्हती. हिंदमाताला जाऊन टिकल्यांचं चंदेरी कापड आणलं. "मुलीचं गॅदरिंग का?" दुकानदाराने विचारलं. मी "हो" म्हणालो. (मला मुलगी नाही.) शिंप्याने कोट शिवून दिला, पण पिशवी देताना माझ्याकडे बघितलं नाही. शाळासोबती दिग्या गिटार वाजवतो, म्हणजे त्याच्याकडे गिटार आहे. त्याने एक भारी माइक त्या एका रविवारापुरता मागून आणला. वैशाली अँटॉप हिलला भावाकडे गेली होती. योग जुळून आला!

"कोट कशाला घालतोस? माइकला काय दिसतंय?" दिग्या म्हणाला.

"ग्लॅम आतून यावा लागतो रे! डोळे मीट, काजळ घालतो."

बाहेरचा आवाज नको म्हणून दाराला आतून कडी घातली, खिडकीला गादी लावली. माझं चुकलं ते इथे! आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत दिवसा दारं उघडीच असतात. भर दुपारी कडी म्हणजे एकतर नवराबायकोचं भांडण, नाहीतर काहीतरी अभद्र. आणि वैशाली घरी नाही, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं. म्हणजे भांडण बाद!

पाच गाणी झाली. सहाव्या गाण्यात मी वरच्या पट्टीत एक किंकाळी फोडतो. ती मनासारखी येईना, म्हणून तासाभरात दहा वेळा फोडली. बाहेर कुजबुज वाढली म्हणून दिग्याने दार किलकिलं केलं. त्याचं काजळ घामाने गालावर ओघळलेलं, साथीला ओरडून आवाज बसलेला. म्हणाला, "कोणी आत येऊ नका. सगळं आटपलं की सांगतो."

आणि दार लावून घेतलं!

मी अकराव्यांदा किंकाळी फोडली आणि दाराबाहेर शेजारच्या तारामावशीने हंबरडा फोडला. "अरे माझ्या झिला, खंय गेलस रे!" (मालवणीत झिल म्हणजे मुलगा, खंय म्हणजे कुठे.) तारामावशी म्हणजे मजल्यावरच्या प्रत्येक मयताचा पहिला सूर. दिग्याच्या कानाला हेडफोन. त्याने डोळे विस्फारले आणि मला अंगठा दाखवला: थांबू नकोस! मी का थांबतो? चांगली चार मिनिटं मी आत किंचाळतोय, मावशी बाहेर रडतेय.

गाणं संपवून, प्रसन्न मुद्रेने मी दार उघडलं. तोंडाला पांढरी पावडर, डोळ्यांत काजळ, ओठांना लाली, अंगात चंदेरी कोट. समोर पांढऱ्या कपड्यांत अख्खी चाळ! कोणीतरी "उठला!" ओरडलं आणि अर्धी गर्दी जिन्यात पोचली. मावशी तेवढी जागची हलली नाही.

"मेल्या, जितो आसस तर दार कित्याक लावलस?"

तेवढ्यात वैशाली रडत रडत जिना चढून आली; कोणीतरी पहिल्याच किंकाळीला तिला फोन केला होता. मागे तिचा भाऊ, हातात हार. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तिचे डोळे जागीच सुकले.

"माझं काजळ घेतलंत?"

मी जिवंत आहे, हा आनंद कुठेच नाही! भावाने हार परत पिशवीत घातला, तोही काहीसा नाराजीनेच. चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एव्हाना सत्तेचाळीस जणांनी मला श्रद्धांजली वाहिली होती. वाढदिवसाला तीन शुभेच्छा आल्या होत्या, त्यातली एक दिग्याची! मी लिहिलं, "मी जिवंत आहे." त्यावर दोघांनी हात जोडले आणि एकाने लिहिलं, "देवाची मर्जी."

पुढे अल्बम इंटरनेटवर टाकला. पाच गाणी मी आणि दिग्याने आलटून पालटून ऐकली. सहावं मात्र सगळ्यांनी ऐकलं! अनोळखी लोकांनी लिहिलं, "ती बाई काय गायलीय! तो मागे कोण ओरडतोय, त्याला गप्प करा." मला? माझ्याच अल्बममध्ये? वैशालीने ते गाणं तीनदा ऐकलं, शेवटपर्यंत.

"मग? बदलतेस ना नाव?"

"मी तर मावशींसाठी ऐकलं."

मग दादरहून बँडवाली पोरं आली, तारामावशीला स्टेजवर बोलवायला. माझा चंदेरी कोट मावशीला बेतशीर बसला. (मला काखेत काचायचा, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.) तालमीला मात्र तिचा आवाजच फुटेना. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झिला, तू जरा हयसर आडवो पड बघूया. समोर कोण मेलेलो नसलो तर माका सूर लागना नाय."

तेव्हापासून मावशीचे तीन कार्यक्रम झाले. तिन्ही वेळा मी स्टेजच्या मधोमध, नाकात कापूस घालून, पडून होतो. लोक म्हणतात, अल्बमपेक्षा आता माझा आवाज खूपच सुधारलाय.