दिवसाला एकच लेख

कट्ट्यावर तिला सगळे चष्मेवाली म्हणत. नाव तिनेच घेतलं होतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. चष्म्याच्या एका दुकानामागच्या खोलीत ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी. पुढे दुकानात आरसे, झगझगीत दिवे, गोड बोलणारा विक्रेता. मागे तिच्या खोलीत घासायचं मशीन, त्यावर सतत सुटलेलं पाणी आणि दिसेल त्या वस्तूवर बसलेली पांढरी भुकटी. गिऱ्हाइकाचं तोंड तिला कधी दिसत नसे, फक्त नंबर दिसत. बोलायला कोणी नाही, आणि बाईची जीभ तर लहानपणापासून तिखट. दिवसभर गिळलेलं सगळं ती मग संध्याकाळी कट्ट्यावर ओकायची.

कट्टा म्हणजे इंटरनेटवरची ब्लॉग लिहिणाऱ्यांची एक जागा. काँप्युटर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने हौसेपोटी ती सुरू केली होती. त्याला सगळे मालक म्हणत, जरी त्या मालकीतून त्याला डोकेदुखीखेरीज काही मिळालं नव्हतं. कोणी तिथे प्रवासाचं लिही, कोणी आजारपणाचं, कोणी नुसतंच शेजाऱ्यापाजाऱ्यांचं. चष्मेवालीने पहिला लेख आपल्या जावेच्या घोरण्यावर लिहिला, जावेला वाचून दाखवून, तिच्या परवानगीने. लोक हसून लोळले. पुढे काही वर्षांनी मालक म्हणाला, "तुम्ही राखणदारी घ्या. तुम्हाला लोक घाबरतात." तिला ते आवडलं.

कट्ट्याचे नियम तिनेच लिहून काढले. त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा असा, की एका माणसाने दिवसाला एकच लेख टाकावा. पहिल्या पानावर अलीकडचे मोजकेच लेख दिसत, नवा आला की जुना खाली सरके आणि शेवटी दिसेनासा होई. कोणी धडाधड टाकायला लागला तर बाकीच्यांचं लिहिणं कोणाच्या नजरेला पडायच्या आतच गायब. "बाक एकच आहे," ती नव्या लोकांना सांगे, "जरा सरकून बसा."

मग किल्लीवाला आला.

हे नाव घेतलेला माणूस कोण, कुठला, कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याने आल्या दिवशीच पाच-सहा लेख टाकले, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. छोटे छोटे, काही तर चार ओळींचे. शुद्धलेखनाच्या नावाने आनंद. वाक्य मध्येच सुटलेलं, पूर्णविरामाचा पत्ता नाही. कोणी खाली चांगलं लिहिलं तरी उत्तर नाही, दुसऱ्या कोणाच्या लेखावर एक शब्द नाही. आपलं टाकायचं आणि निघून जायचं.

त्याच आठवड्यात शाळेची बस चालवणाऱ्या एका सभासद बाईने, कट्ट्यावरच्या बसताईने, आपल्या वारलेल्या वडिलांवर लेख टाकला. कित्येक महिने ती तो लिहीत होती. दुपारी मुलं शाळेत असताना बसमध्येच बसून. लेख टाकून ती मुलं घरोघरी सोडून आली आणि पाहते तर पहिल्या पानावर वरपासून खालपर्यंत किल्लीवाला. तिचे वडील कुठेच नाहीत.

तिने चष्मेवालीला फोन केला.

"ताई, मला कौतुक नको होतं. निदान कोणीतरी वाचायला हवं होतं ना."

"मी बघते," चष्मेवाली म्हणाली.

तिने आधी रीतीप्रमाणेच केलं. किल्लीवाल्याला खासगी निरोप पाठवला, बसताईच्या लेखाचं काय झालं ते लिहिलं, नियम समजावून सांगितला, अडचण असेल तर फोन करा म्हणून आपला नंबरही दिला. उत्तर नाही. दुसरा निरोप पाठवला. त्यालाही नाही, आणि लेख मात्र येतच राहिले. आता तिचं डोकं फिरलं. हा माणूस आपल्याला हिंग लावूनही विचारत नाही असं तिने धरलं. जेवणाच्या सुट्टीत, डबा अर्धा टाकून, तिने त्याच्या सर्वांत ताज्या लेखाखाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं:

"किल्लीवाले, आपलं स्वागत आहे. आपण पाहुणे म्हणून आलात, सगळ्या खुर्च्या जोडून त्यावर आडवे झालात, आणि आता घोरताय. बाकीचे आम्ही दारात उभे आहोत. आपली प्रत्येक शिंक स्वतंत्र लेख म्हणून छापायलाच हवी का? रुमाल वापरा."

झालं. संध्याकाळपर्यंत त्याखाली हसणाऱ्यांची रांग लागली. एकाने किल्लीवाल्याच्या शैलीत "आज मी कुलूप पाहिलं कुलूप बंद होतं" असं विडंबन केलं. दुसऱ्याने त्याच्या शुद्धलेखनाच्या चुका गोळा करून कोडं घातलं. कोणी म्हणालं, खूप दिवसांनी चष्मेवाली फॉर्मात आली. तिने नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो हसला, मग म्हणाला, "म्हातारा वगैरे असला म्हणजे?"

"असला तर असला. वय झालं म्हणजे बाक नावावर होत नाही."

दुसऱ्या दिवशी किल्लीवाल्याची एकच ओळ आली. "माफ करा मला कळले नवते." त्यानंतर काही नाही. कट्टा पूर्ववत झाला. बसताईचा लेख मालकाने पुन्हा वर आणून ठेवला, लोकांनी वाचला, तिला बरं वाटलं. चष्मेवालीच्या लेखी विषय मिटला.

दीडेक महिन्याने, ती एका जाड काचेची कड घासत असताना, फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने मशीन बंद केलं.

"चष्मेवाल्या बाई का?" म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. "मी किल्लीवाला. म्हणजे कट्ट्यावरचा. तसा खरोखरचाही, किल्ल्या बनवायचं दुकान होतं माझं."

भांडायला फोन केला असेल असं वाटून ती सावरून बसली.

"तुमचे निरोप आज सापडले हो मला. ते वेगळ्या पेटीत येतात हे माहीतच नव्हतं. नातीने दाखवलं. तुम्ही किती नीट लिहिलं होतं, नंबरसुद्धा दिला होता. मी उत्तर दिलं नाही म्हणजे तुम्हाला राग येणारच. म्हटलं, निदान सांगावं."

"अहो काका, त्याचं काय एवढं," ती म्हणाली. "नव्या माणसाला होतं असं."

"आणि एक काम होतं. ते सगळे लेख काढून टाकता येतील का? मला जमत नाहीये. ते माझे नव्हते. आमच्या हिचे होते."

मग त्यांनी सांगितलं, अगदी सरळ, कसलाही आव न आणता. बायकोच्या घशात गाठ होती. ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तारीख ठरली तशी ती बोलायला लागली. लहानपणचं घर, पहिली नोकरी, मेलेली बहीण, खिडकीत येणारा पक्षी, जे आठवेल ते. ती बोले आणि हे एका बोटाने टाईप करत. ती थांबली की हे टाकून देत. कारण लोक खाली काहीतरी लिहीत, ते त्यांनी वाचून दाखवलं की तिला हुरूप येई आणि ती पुढे बोले. उत्तरं द्यायची असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि वेळही नव्हता.

"त्या दिवशी तुमचं आलं," ते म्हणाले. "मी नेहमीसारखं मोठ्याने वाचायला लागलो. 'आपलं स्वागत आहे' म्हणून सुरुवात होती ना. मला वाटलं चांगलंच असणार. शिंकेपर्यंत वाचलं आणि मग थांबलो. ती म्हणाली, पूर्ण वाचा. वाचलं मी."

चष्मेवालीने भिंतीला टेकून डोळे मिटले.

"मग?"

"मग काही नाही. ऑपरेशनला अजून दिवस होते. मी म्हटलं, सांग ना, नाही टाकत कुठे, नुसतं लिहून ठेवतो. ती म्हणाली, पुरे झालं."

पुढच्या दुकानातून विक्रेत्याने हाक मारली, काच झाली का म्हणून. फोनवर ती म्हणाली, "काका, मी घरी येऊ का? काकूंना भेटायला?" मग त्यांनी पत्ता सांगितला.

रविवारी ती गेली. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत काकू. गळ्याला पांढरा रुमाल, मांडीवर मुलांची असते तशी पाटी आणि खडू. बाई किडकिडीत होती, पण नजर अशी की चष्मेवालीला आपण शाळेत उशिरा पोचल्यासारखं वाटलं. तिने पाठ करून आणलेली वाक्यं होती, ती सगळी एकमेकांत अडकली.

"काकू, मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी असं कधीच..."

काकूंनी हात वर करून तिला थांबवलं. पाटीवर लिहिलं आणि फिरवून तिच्यापुढे धरलं.

"तुझं म्हणणं बरोबर होतं. त्या ताईंचा लेख आमच्यामुळे गेला. हे वाईट झालं."

पुसून पुन्हा लिहिलं.

"पण हसायला नको होतंस."

चष्मेवालीने मान हलवली. काका उगाचच चहाचे कप सरळ करत राहिले.

"मी सगळ्यांना खरं काय ते सांगते," ती म्हणाली. "कट्ट्यावर लिहिते. लोक माफी मागतील."

काकूंचा खडू जोरात चालला. "नाही. आजारी म्हणून गोड बोलणार. ते नको." मग खाली, लहान अक्षरात, "बरी असते तर चाललं असतं का?"

चष्मेवालीने एकदाच विनवलं की लेख तरी राहू द्या. काकूंनी मान हलवून नाही म्हटलं. जिन्यापर्यंत सोडायला काका आले तेव्हा हळूच म्हणाले, "माझ्याजवळ आहेत सगळे. तुम्ही तिच्या मनासारखं करा." आणि मग, जणू तिलाच धीर द्यायला हवा, "तशी ती रागीट नाही हो."

लेख काढायचे म्हणजे एकेक उघडून काढायचे. ती घरी येऊन बसली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण यातला एकही वाचलेला नाही. किती आले तेवढंच पाहिलं होतं. आता वाचायला लागली. एकात बहिणी-बहिणी एकाच कोटाची एकेक बाही घालून थंडीत दुकानात गेल्या होत्या. एकात पहिल्या नोकरीत टेलिफोनवर बसलेली मुलगी दिवसभर "थांबा, जोडून देते" म्हणून घरी आल्यावर बापालाही तेच म्हणाली होती. वाक्यं कुठेही तुटत होती, आणि आता तिला कळत होतं की तिथे श्वास घेतलेला आहे. शिंकेचा एकही लेख नव्हता. नवरा दारात येऊन विचारून गेला, जेवायचं का. ती म्हणाली, तुम्ही घ्या. शेवटच्या लेखाखाली तिची स्वतःची ती ओळ आणि त्याखाली हसणाऱ्यांची रांग होती. तो लेख तिने सगळ्यांत शेवटी काढला. तो काढला तसं तिचं वाक्यही गेलं, पण बरं वाटलं नाही.

मग कट्ट्यावर तिने लिहिलं की किल्लीवाल्यांशी मी ज्या भाषेत बोलले ते चुकलं, राखणदाराने चारचौघांत कोणाची टर उडवू नये, मी माफी मागते. कारण सांगितलं नाही. लोकांना ते कोड्यासारखं वाटलं. कोणी म्हणालं थोर मन, कोणी म्हणालं नाटक. विडंबन करणारा चिडला, कारण माफीत आपणही आलो असं त्याला वाटलं. आणि बसताईचा फोन आला.

"ताई, मग चूक माझी होती का? मीच तक्रार केली होती."

"नाही गं. तुझं खरंच नुकसान झालं होतं."

"मग त्याची माफी कशाला? माझ्या बापाचं काय?"

"दोन्ही खरं आहे," चष्मेवाली म्हणाली. "मला एवढंच सांगता येतंय." बसताईला ते पटलं नाही. ती त्यानंतर बरेच दिवस कट्ट्यावर फिरकली नाही.

मालकाला मात्र तिने विचारलं, पहिल्या पानावर प्रत्येकाचा फक्त शेवटचा लेख दिसेल असं काही करता येईल का, म्हणजे कोणी कितीही टाको, बाकीचे सरकणार नाहीत. मालकाने डोकं खाजवलं आणि दुपारभरात करून टाकलं. "आधी का नाही सांगितलंत?" तो म्हणाला. "मला वाटत होतं, तुम्हाला नियमच आवडतो."

तिने राखणदारी सोडायचं ठरवलं होतं, पण दुसरं कोणी घेईना, म्हणून राहिली. आता कोणी चुकलं तर ती आधी त्याचं लिहिलेलं सगळं वाचते, मग फोन करते, आणि फोनवर बहुतेक वेळा निघतं ते साधंच काहीतरी असतं. जुने लोक कुरकुरतात, चष्मेवालीची धार गेली म्हणून. तिचे स्वतःचे लेखही कमी झाले आहेत. जावेने परवा विचारलं, "माझ्यावर लिहीत नाहीस हल्ली?" तर म्हणाली, "सुचत नाही."

किल्लीवाल्या काकांचा मध्ये एकदा फोन आला. काकूंना गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळालं आहे. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, म्हणाले, पण शब्द कळतात. पहिलं वाक्य त्या काय बोलल्या तर चहात साखर जास्त झाली. हे सांगताना ते हसत होते, आणि तीही हसली.

"पुन्हा काही सांगतात का, काका? जुनं?"

"नाही."

"तुम्ही विचारलंत?"

"नाही विचारलं. धीर होत नाही हो," ते म्हणाले. मग त्यांनीच "बरं, ठेवतो" म्हटलं.