बंद करण्याआधी एक फोन

प्रज्ञाच्या भावाचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी ऑफिसात गार झालेल्या चहावरून कुणावर तरी डाफरत होतो. "सर, ताई गेली," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हणालो. का म्हणालो, देव जाणे... बरं म्हणण्यासारखं त्यात काय होतं? मग गाडी काढली आणि बिडकीनला तिच्या घरी निघालो. त्याला आता महिना होऊन गेला. त्या "बरं"ची लाज मात्र अजून जात नाही.

गारखेड्यात आमचं पाच-सहा जणांचं ऑफिस आहे. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांसाठी आम्ही एक ॲप चालवतो. लसीची तारीख आली की आठवण करून द्यायची आणि गारपिटीचा अंदाज असला की इशारा पाठवायचा, एवढंच त्याचं काम. ते ॲप नीट चालतं की नाही हे तपासायला मला माणूस हवा होता, तेव्हा प्रज्ञा मुलाखतीला आली. "चुका शोधता येतील का?" मी विचारलं. "माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तवा सगळ्या गावाला त्याच्या चुका तोंडावर सांगितल्या होत्या," ती म्हणाली, "मला एक ॲप जड जाणार नाय, सर." तिला तिथल्या तिथे कामावर घेतलं. पुढची आठ वर्षं ती ॲपच्या कमी आणि माझ्याच चुका जास्त काढत राहिली.

त्यातली एक सांगायलाच हवी. फोन जुना झाला की त्याच्यातलं अँड्रॉइडचं व्हर्जनही जुनं होतं, आणि अशा प्रत्येक जुन्या व्हर्जनवर ॲप चालतं ठेवायचं म्हणजे दुप्पट काम. म्हणून दर महिन्याला आम्ही एक तक्ता पाहतो, कुठल्या व्हर्जनवर किती लोक आहेत त्याचा. तळाशी मोजके लोक उरले की ते व्हर्जन बंद करायचं, म्हणजे त्या फोनवर ॲप चालवणं थांबवायचं. सगळेच असं करतात. एका उन्हाळ्याच्या तोंडावर मीही केलं. "हे खालचे कोण आहेत ते बघू का?" प्रज्ञानं विचारलं होतं. मी म्हणालो, "बघत बसलो तर आपलंच दुकान बंद करावं लागेल." पुढच्या महिन्यात त्या ओळीसमोर शून्य आलं. मी खूश! तिला मुद्दाम बोलावून दाखवलं, "बघ, गेले सगळे नव्या फोनवर." ती बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, त्यांचं ॲप तर आपणच बंद केलं. आता ते मोजणीत येतील कसे?"

मला राग आला. तिचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोललो. तिनं तेवढ्यात जुन्या नोंदणीतले नंबर शोधून काढले, फोन लावले, आणि ज्यांचा लागेना त्या भिवातात्या नावाच्या मेंढपाळांना गाठायला शनिवारी एसटीनं वेरूळला गेली. तिथून पुढे डोंगराच्या अंगानं विचारत विचारत पायी. सोमवारी सकाळी पिशवी खाली ठेवण्याआधीच तिनं मला सांगितलं. आदल्या आठवड्यात तिकडे गारा पडल्या होत्या. तात्यांची मेंढरं उघड्या माळावर होती. "ॲप गप व्हतं, म्हनून आमाला वाटलं आभाळ साफ हाय," असं तात्या तिला म्हणाले होते. कोकरं गेली. किती गेली हे विचारायचा मला धीर झाला नाही. तिनं आवाज चढवला असता तर मी भांडलो तरी असतो, पण ती सांगून झाल्यावर मुकाट्यानं आपल्या जागेवर जाऊन बसली. त्याच दिवशी आम्ही ते व्हर्जन पुन्हा सुरू केलं.

तेव्हापासून तिनं ऑफिसला नियम घालून दिला. कुठलंही व्हर्जन बंद करण्याआधी तळाच्या ओळीतल्या प्रत्येकाला फोन करायचा. नियम ऑफिसचा, फोन मात्र सगळे तिचे. समोरच्याप्रमाणे कुणाला जय भीम, कुणाला राम राम. पहिल्या फोनात नुसती मेंढरांची, पोराबाळांची, पावसापाण्याची चौकशी. व्हर्जनचा विषय कुठे तिसऱ्या फोनाला निघायचा. "तू व्हर्जन बंद करतेस का सोयरीक जुळवतेस?" मी चिडवायचो. "फोन बदला म्हणायचं तर आधी वळख नको का, सर?" ती म्हणायची आणि पुढचा नंबर लावायची. तिच्या ओळखीनं कुणाच्या पुतण्यानं जुना पण बरा फोन दिला, कुणी लेकीचा घेतला. तक्त्यातली ओळ हळूहळू खरोखरची रिकामी व्हायची.

मग तिला रक्ताचा आजार निघाला. शेवटचा भेटलो तो दवाखान्यात. हाताला सलाईन, आवाज पार खोल गेलेला. "ह्या खेपेची यादी?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "मी बघतो." "बघू नका... फोन करा." मी हो म्हणालो आणि ते केलं नाही. लोकांना सांगत राहिलो की कामाचा रेटा आहे. खरं कारण हे, की पलीकडून कुणीतरी "ताई कुठं हायेत?" म्हणून विचारणार, याची मला धास्ती होती.

गेल्या आठवड्यात शेवटी तिच्या खुर्चीत बसलो आणि पहिला नंबर लावला. भिवातात्यांचाच. "ह्यो ताईचा आवाज नाय," ते म्हणाले. मी सांगितलं, "तात्या, प्रज्ञा गेली. महिना झाला." पलीकडे नुसती मेंढरं ओरडत होती.

"महिना झाला... अन् आमाला आज सांगता?"

 मग त्यांनीच विचारलं, "ताईच्या यादीत आजून किती जण हायेत?" मी म्हणालो, अकरा. "त्येंला तुमी नका सांगू. नावं सांगा मला. लासूरचा तर माझा जावईच हाय त्यात. मी सांगतो एकेकाला."

मी नावं वाचू लागलो. प्रत्येक नावाला तात्या "व्हय" म्हणत होते. चौथं नाव मी दोनदा वाचलं आणि पाचव्यावर अडलो. ऑफिसच्या ग्रुपवर मी तिची बातमी टाइप केली होती, पेपरात चार ओळीही दिल्या होत्या. पण प्रज्ञा गेली, हे तोंडानं मी त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं होतं.

"पानी प्या," तात्या म्हणाले. "घाई नाय. मी हाय फोनवर."