माइकची वायर सोवळ्यात

आमच्या भजनमठातलं ढोल-घंटा यंत्र सुरू झालं की तंजावरजवळच्या पापनाशमच्या फलाटावरची गाडी बिचकून मागे सरकते. खोटं वाटलं तर गाडीला विचारा. वाजवायला माणसं उरली नाहीत म्हणून घेतलेलं ते यंत्र. आरती मात्र ऐंशीची आत्या स्वतः म्हणते आणि कंप्युटरवरून ती परदेशी गेलेल्या आमच्या माणसांपर्यंत पोचते.

अभिषेकाच्या ओल्या हातांनी तिने यंत्राच्या मोटरचं बटण दाबू नये म्हणून मी रिले बसवला. जुन्या कंप्युटरचा पॉवर सप्लाय काढला, हिरवी वायर काळीला जोडून त्याला जागं केलं आणि पिवळ्या वायरीतले बारा व्होल्ट आत्याच्या पाटाजवळच्या बटणातून रिलेला दिले. आत्या इथे बटण दाबणार, तिकडे कोपऱ्यात रिले मोटर चालवणार.

पहिल्याच शनिवारी तिने ते दाबलं आणि स्पीकरमध्ये हजार अप्पळम, म्हणजे पापड, एकदम तळले गेले. सिंगापूरच्या भाचीने लिहिलं, "तिकडे पाऊस पडतोय का?"

मठाचा कारभार बघणारा थोरला चुलत भाऊ गरजला, "पोदुम! पुरे! पुढच्या शनिवारपासून आरतीचं रेकॉर्डिंग लावायचं."

आत्याने टाळ खाली ठेवले.

"मग देवाचाही फोटोच ठेव, अण्णा," मी म्हटलं. "एक शनिवार दे. पुढे बघू कोण गप्प बसतं ते!"

बंद होताना रिलेची कॉइल उलटा झटका मारते. तिच्यावर डायोड घातला, पट्टी पिवळ्या वायरीकडे. बंद करताना स्पीकरमध्ये फुटणारा शेवटचा फटाका गेला. मोटरवर कपॅसिटर चढवला. अप्पळम थोडे कमी झाले, पण कढई उतरेना.

शुक्रवारी सकाळी आत्या फुलं घेऊन आली आणि वायरींकडे बघतच राहिली. आमच्या गावात मोकळा दोरा कुणाला बघवत नाही. मीही केळीच्या सोपाच्या दोऱ्याने माइकची, मोटरची, रिलेची अशा सगळ्या वायरी मोगऱ्याच्या गजऱ्यासारख्या एकत्र गुंफल्या होत्या. अख्ख्या गल्लीने वाहवा केली होती.

"मोटरच्या अंगाला माइक? सोवळ्याचं लुगडं ओवळ्या कपड्यांत वाळत घालतोस काय रे?"

"छान दिसतं, आत्या."

"छान ऐकूही येतं! सोड ते."

गजरा सोडला. तिचं लुगडं वाळतं त्या उंच बांबूवरून माइकची वायर नेली, मोटरची समोरच्या भिंतीच्या पायथ्याने. एकीने दुसरीला ओलांडणं टळलं नाही तिथे काटकोनात.

शनिवारी अण्णा रेकॉर्डिंगचा पेन ड्राइव्ह मुठीत धरून बसला होता. आत्याने बटण दाबलं. ढोल कडाडला, घंटा घणघणली आणि त्यांच्यावरून आत्याचा आवाज स्वच्छ निघाला. एक अप्पळम तळेल तर शपथ! नेहमीच्या आरत्या संपल्या. तिने आणखी एक सुरू केली, मग आणखी एक.

"आत्या, जेवायची वेळ झाली," अण्णा म्हणाला.

"तू जेव," ती म्हणाली आणि पुढची आरती तिने वरच्या सुरात धरली.