विनूकाका आणि उघड लिलाव

बाबांच्या तोंडून ‘विनू’ हे नाव मी कित्येक वर्षांनी ऐकलं, ते ‘विनू गेला’ या वाक्यात. सकाळी वडाळ्याला माझ्या घरी फोन आला, बाबांनी एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. काका परळच्या इस्पितळात होता आणि बाबा, ऐंशी उलटलेला माणूस, रोज लालबागहून चालत येऊन वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायचे. आत जायचे नाहीत. मी म्हणायचे, “चला ना आत, शुद्धीवर आहे तो.” ते म्हणायचे, “मी आहे इथे. तू जा.” आत गेले की काका विचारायचा, “भाई आलाय?” मी सांगायचे, बाहेर बसलेत. “बसू दे,” म्हणून तो डोळे मिटायचा. दोन सख्खे भाऊ, मध्ये एक दरवाजा, आणि आतबाहेर करणारी मी... आता महिना होऊन गेला, लोक भेटायला येतात, सांत्वन करतात. खरं सांगते, दुःखापेक्षा दमायलाच जास्त झालंय.

आमचं घर लालबागच्या चाळीतल्या दोन खोल्यांचं. आजोबा गिरणीत होते. बाबा शाळा सोडून फळबाजारात शिरले, आधी दुसऱ्याच्या गाळ्यावर हिशेबनीस म्हणून आणि मग स्वतःचा परवाना काढून आंब्याचे दलाल झाले. आमच्या गावाकडचे बागायतदार पेट्या पाठवायचे, बाबा त्या विकून द्यायचे. धाकट्या विनूला त्यांनीच शिकवलं. तो पदवीधर झाला, सरकारच्या पणन खात्यात लागला, लग्न काही केलं नाही, आमच्याच घरात राहिला. मला ‘बाय’ म्हणायचा. बाबा बाजारात गेले की तो माझा अभ्यास घ्यायचा आणि बाबा आले की दोघं भाऊ आंब्यावरून भांडायचे, कुठल्या बागेची साल पातळ, कुठला आंबा पेटीत बसल्यावर डागतो. आई म्हणायची, ह्यांचं भांडण ऐकूनच माझं पोट भरतं.

काकाचं काम सांगायचं तर फार रुक्ष. शेतमालाच्या बाजाराचा एक नमुना कायदा दिल्ली तयार करायची आणि राज्यांना पाठवायची, म्हणजे देशभर साधारण एकच रीत यावी. राज्य तो आपल्या कायद्यात बसवायचं, त्याचे नियम करायचं, आणि ते नियम बाजारात पाळले जातात की नाही ते बघायचं काकासारख्यांनी. “कायदा वर होतो गं बाय, पण तो लावायचा असतो पेट्यांच्या मधोमध उभं राहून,” असं तो म्हणायचा. त्यातला एक नियम उघड लिलावाचा होता. भाव मोठ्याने, सगळ्यांसमोर पुकारायचा. आंब्याच्या बाजारात मात्र पिढ्यान्‌पिढ्या रुमाल चालत आलेला. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हातात हात घालणार, बोटं दाबून भाव ठरवणार. शेजारी उभ्या माणसालाही काही कळायचं नाही, मग गावाकडच्या बागायतदाराला काय कळणार? दलाल सांगेल तो भाव. बाबा म्हणायचे, “रुमालात अब्रू असते. कुणी किती कमी बोलला ते चारचौघांत दिसत नाही.” काका म्हणायचा, “अब्रू तुमची, माल त्यांचा.” हे सगळं जेवताना, हसत.

मग एका हंगामात काकाची नेमणूक त्याच बाजारात तपासणीला झाली. तो मोठ्या साहेबाला सांगून दुसरीकडे जाऊ शकला असता. आई त्याला म्हणालीसुद्धा, “विनू, रजा टाक रे चार दिवस.” त्याने टाकली नाही. गेला, आणि पहिली कारवाई केली ती स्वतःच्या भावाच्या गाळ्यावर. रुमालाखाली सौदा करताना पकडले, असा अहवाल दिला. त्या हंगामापुरता बाबांचा परवाना थांबवला गेला. आंब्याच्या दलालाचा हंगाम थांबला म्हणजे वर्ष गेलं. बाबा पुन्हा त्या गाळ्यावर उभे राहिलेच नाहीत, पुढे तो दुसऱ्याला देऊन टाकला. त्या संध्याकाळी काका घरी आला, चपला काढल्या, आणि म्हणाला, “भाई, बाकीच्यांवर हात टाकायचा तर आधी घरापासून सुरुवात करायला हवी होती.” बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. ते त्याच्याशी बोलले नाहीत ते नाहीतच.

एका घरात, दोन खोल्यांत, न बोलता राहणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. “त्याला सांग, लाइटचं बिल आलंय.” “भाईला सांग, भरलं.” आई होती तोवर निरोप तिने वाहिले, ती गेल्यावर मी, वडाळ्याहून येऊन. भांडले असते तर बरं झालं असतं. मी बाबांना घमेंडी समजले, काकाला निर्दयी समजले, आणि दोघांसाठी डबे आणत राहिले. कितीदा म्हटलं, अहो बाबा, नियम होता, त्याने पाळला, सोडा आता. आणि ज्या नियमापायी हे सगळं झालं त्याचं काय, तर तोही जागेवर राहिला नाही. बाजाराबाहेर माल विकायची मुभा आली. लिलाव संगणकावर घ्यायच्या गोष्टी सुरू झाल्या. दिल्लीने नवे कायदे केले आणि वर्षा-सव्वा वर्षात मागेही घेतले. निवृत्त झालेला काका पेपर मांडीवर ठेवून म्हणायचा, “आता पुन्हा पहिल्यापासून.” चिडून नव्हे, उन्हात दूरवर चालून आलेला माणूस बोलतो तसं. बाजारात रुमाल अजून दिसतात, असं जाणारे-येणारे सांगतात.

बाराव्याला गावाहून माणसं आली. त्यांत आबा होते, बाबांचे चुलतभाऊ, ज्यांच्या बागेच्या पेट्या वर्षानुवर्षं बाबांकडे यायच्या. जेवणं झाली होती, खोली भरलेली होती. कुणीतरी सहज म्हणालं, विनायकाने भावावर कारवाई केली नसती तर चाललं असतं. बाबा एकदम बोलले, इतक्या मोठ्याने की गॅलरीतली माणसं आत डोकावली.

“त्याने निम्मंच लिहिलं. रुमाल लिहिला. रुमालात भाव एक ठरायचा आणि गावाला मी दुसरा कळवायचो, ते लिहिलं नाही. सुट्टीत माझ्या गाळ्यावर बसायचा तो, पोरवयात सगळं बघितलं होतं त्याने. लिहिलं असतं तर माझा परवाना कायमचा गेला असता, आणि तुम्हांला तोंड दाखवायला मला जागा उरली नसती.”

मी विचारलं, “मग बोलत का नव्हता त्याच्याशी?”

“काय बोलणार? रागावलो असतो तर बोललो असतो. त्याच्यासमोर मान वर होत नव्हती माझी.”

म्हणजे इतकी वर्षं मी निरोप वाहिले ते रागाचे समजून... मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. आधी संताप आला. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य न ऐकताच आई गेली, काका गेला.

आबा सुपारी कातरत होते. ती संपवली, अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाले, “आमका म्हायत होता रे, भाई. पण तू इतरांपेक्षा बरो भाव देय होतस, म्हणान गप रवलो.”

बाबा तेव्हा रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. रडत ते एकच म्हणत होते, “हे विनूला कळायला पाहिजे होतं... हे त्याला कळायला पाहिजे होतं.”

काकाची खाट बाहेरच्या खोलीत तशीच आहे, मला हलवू देत नाहीत. जेवण झालं की बाबा तिच्या पायथ्याशी जाऊन बसतात आणि बोलतात. बागांचं, पेट्यांचं, कुणाचा आंबा यंदा डागला त्याचं, मध्येच लाइटच्या बिलाचंही. हळू आवाजात नाही. परवा शेजारच्या वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “अगं, भिंतीपलीकडे सगळं ऐकू येतं.” मी म्हटलं, येऊ दे.