आत्याचं लुगडं

डोहाशी बसून दोघांनी शिळी नाचणीची भाकरी खाल्ली, तेवढंच आमचं शेवटचं सोबतीचं खाणं. भाकरी, लाल चटणी आणि एक कांदा. कांदा तिनं दगडावर ठेवून बुक्कीनं फोडला, मोठा तुकडा माझ्याकडं सरकवला आणि आतला कोवळा गाभा स्वतःच्या तोंडात टाकला. लग्न झाल्यापासून ती असंच करायची आणि मी दर वेळी म्हणायचो, "चोर." त्या दिवशीही म्हणालो. नेहमी हसायची, त्या दिवशी हसली नाही.

आमचं गाव वर, अकोले तालुक्याच्या पार टोकाला, घाटमाथ्यावर. तिचं माहेर खाली कोकणात. मधे नदीनं चिरलेली ही घळ. पावसाळाभर नदी तिच्यातून कोसळत असते. पाणी ओसरलं की माणसं उतरू लागतात. एसटीनं जायचं तर भंडारदऱ्यापर्यंत पायपीट, मग घोटी, मग कसारा, आणि तिथून पुढंही चालणं आहेच. घळीनं सकाळी निघालं की दुपारी माहेर.

वाट म्हणायची म्हणून वाट. नुसते दगड, काही तर घराएवढे. दोन्ही अंगांनी कडे इतके जवळ आलेले की मान वर केली तर आभाळाची चिंधी दिसते. दोन जागी खडक सरळ तुटलेला आहे. तिथं खाचा पाडलेलं लाकूड उभं करतात, त्यावरून चढायचं-उतरायचं. ते दर पावसात वाहून जातं आणि दर दिवाळीनंतर वरच्या आणि खालच्या गावची माणसं मिळून नवं लावतात. ते लावायला मी आणि माझा मेव्हणा कैक वर्षं एकाच दोराला हात लावून उभे राहिलेलो आहोत. आणि मधे हा डोह. ऊन तिथं पोचतच नाही, म्हणून दुष्काळातही तो आटत नाही. कंबरभर गार पाणी. बोचकं डोक्यावर घ्यायचं आणि पार व्हायचं.

आम्ही खात होतो तेव्हा खालून चार-पाच जण आले. शहरातले. पायात जाड बूट, खांद्यावर दोर. कड्याकडं तोंड करून हाका मारत होते आणि आपलाच आवाज परत आला की खिदळत होते. त्यातला एक हिला म्हणाला, "मावशी, या वयात इकडं? भीती नाही वाटत?"

"कसली भीती? माझ्या माहेराची वाट हाय ही."

"माहेराला इथून जाता?" त्याला फार मौज वाटली. फोटो काढू का म्हणाला.

"माहेराला जाताना भेटला असता तर काढू दिला असता," ती म्हणाली. "आता येतेय. आता नको."

त्याला काय कळणार. तो डोहात उतरला आणि गारठ्यानं ओरडला.

काय झालं होतं ते सांगतो. मेव्हण्याची पोरगी आमच्या पोराला करायची, हे दोघं लहान असतानाच ठरलेलं. भावाची लेक बहिणीच्या घरात यायची, ही आमच्यातली रीत. पोरगा नाशकाला कारखान्यात लागला आणि तिथलीच एक पसंत करून मोकळा झाला. मेव्हण्यानं शिवी दिली नाही, भांडला नाही. फक्त यायचा थांबला. दिवाळीला बहिणीला न्यायला भाऊ येतो. तो आला नाही. पुढच्या दिवाळीला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. ही दरसाल अंगण सारवायची आणि घळीच्या तोंडाकडं बघत बसायची. बोलावल्याशिवाय आपणहून जायची बाई नव्हती ती.

मग त्या माघात त्याच पोरीचं लग्न दुसरीकडं ठरलं आणि आमच्या दारात अक्षता आल्या. ही आदल्या रात्रीपासून बोचकं बांधून तयार. उतरताना माझ्यापुढं चालत होती. लाकडावरून पोरीसारखी सरसर उतरली.

लग्न नीट झालं. मग मांडवात मानपान सुरू झालं. एक म्हातारा उभा राहून नाव पुकारतो, ज्याचा मान त्यानं पुढं यायचं. नवरीच्या आत्याचा मान मोठा, तिला लुगडं. मामा झाले, मावश्या झाल्या, चुलत्या झाल्या. सोयरा नसलेल्या माणसालाही टोपी मिळाली. ही मांडवाच्या खांबाशी डोक्यावरचा पदर सावरून उभी होती. आत्याला हाक आलीच नाही. मेव्हणा समोर होता, जमिनीकडं बघत. लोक उठले, पत्रावळी उचलल्या, कुत्री आली, तरी ही खांबाशीच. शेवटी मीच हाताला धरून बसवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो आणि डोहाशी भाकरी खायला बसलो, ते हे.

शहरातले गेल्यावर ती म्हणाली, "अवो, एक सांगून ठेवते. मी मेल्यावर त्याचं लुगडं माझ्या अंगावर घालायचं न्हाई."

आमच्यात नवरा जिवंत असताना बाई मेली तर तिच्या अंगावर शेवटचं वस्त्र माहेरचं पडतं. तेच म्हणत होती.

मी म्हणालो, "तू कशाला मरतीस? आधी मी जाणार. तुला अजून लई जणांशी भांडायचंय."

"थट्टा नको. जितेपणी हाक मारली न्हाई त्यानं. मेल्यावर कशाला?"

"बरं."

"बरं न्हाई. व्हय म्हणा."

"व्हय."

मग उठली, लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरली. मधे पाय घसरला तेव्हा माझा हात धरला. पार झाल्यावर सोडला. घरी पोचलो तेव्हा गुरं परतत होती. तिनं भात लावला, आधी मला वाढला, मागनं ती जेवली, झोपलो. पहाटे चूल फुंकताना "आई गं" म्हणाली आणि आडवी झाली. मी उठून जाईस्तोवर संपलं होतं.

गाव गोळा झालं. म्हणाले, म्हातारीला घळीतनं चालवली, दुसरं काय होणार. ज्यांनी कधी बायकोला चार पावलं सोबत नेलं नाही ते म्हणत होते. पोराला नाशकाला निरोप गेला आणि खाली मेव्हण्याकडंही माणूस गेला. तो मी धाडला नव्हता, माझ्या थोरल्या भावजयीनं धाडला. तिला म्हणलं, "त्याचं काय काम?"

"भावजी, सवाष्ण गेली ती. माहेरचं वस्त्र नको? तशीच न्यायची का?"

"नको म्हणून सांगून गेली."

"रागात बोलली असंल."

"रागात बोललेलं खोटं असतंय का?"

भावजयीनं तोंड फिरवलं. तिथून पुढं कुणी माझ्याशी धड बोललं नाही.

दिवस कलताना पोरगा पोचला आणि त्याच्या मागोमाग मेव्हणा, दोन माणसं घेऊन. गुडघे फुटलेले, धोतर कंबरेपर्यंत ओलं. काखेत लुगडं, ते मात्र कोरडं. हिरवं, तांबड्या काठाचं, भारी. बहिणीला बघून जमिनीवर बसला आणि बाईसारखा रडला. मग उठून घडी मोडायला लागला तेव्हा मी मधे उभा राहिलो.

"दाजी, सरका."

"न्हाई."

"माझी बहीण हाय ती!"

"काल-परवा मांडवात कोण हुती?"

तो म्हणाला, "लग्नासाठीच घेतलेलं हाय हे. तिच्यासाठी. मुद्दाम पुकारू दिलं न्हाई. म्हणलं, येईल घरात, हक्कानं मागंल, भांडंल माझ्याशी. भांडली असती तर सारं मिटलं असतं, दाजी. मी रातभर वाट बघितली तिची."

"आन् ती खांबाशी तुझी वाट बघत हुती."

माजघरात बाया रडायच्या थांबल्या. पोरगा भिंतीला टेकून पायाचा अंगठा बघत होता. त्याच्यापायी हे सुरू झालं, पण त्यालाही काय म्हणू. भावजय मोठ्यांदा म्हणाली, "हट्ट सोडा भावजी, तिच्या जिवाला शांती मिळू द्या."

"तिनं मला व्हय म्हणायला लावलंय," मी म्हणालो. "शांतीचं तुमी तुमचं बघा."

गावातल्या चार शहाण्यांनी समजावलं, दोघांनी शिव्या दिल्या. एक जण म्हणाला, म्हातारं फिरलंय. मी जागचा हललो नाही. शेवटी तिला तिच्याच लुगड्यात नेली, मांडवात नेसली होती त्यात. पदराला घळीतल्या ओल्या मातीचा डाग होता, तो तसाच गेला. सरण पेटल्यावर मेव्हणा हिच्याकडं पाठ करून निघाला. माझ्या दारचा पाण्याचा घोटही घेतला नाही. लुगडं ओट्यावर टाकून, टेंभा पेटवून, आपल्या माणसांबरोबर घळीत उतरला.

ओट्यावरच्या त्या लुगड्याला कुणी हात लावीना. भावजय म्हणाली, सुनेला द्या. सुनेला! जिच्यापायी ते हिला मिळालं नाही, तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते उचललं. पोरगा म्हणाला, "बाबा, सुतकात गाव सोडत न्हाईत. मी देऊन येतो."

"तू त्या दारात जाऊ नको. तुझं तोंड बघितलं की सारा राग तुझ्यावर काढील, माझ्यावर चिडायचंही ऱ्हाऊन जाईल."

अनवाणीच निघालो. पहिलं लाकूड उतरलो. डोहापलीकडं, आम्ही बसलो होतो त्या दगडावर, कांद्याची सालं तशीच पडलेली दिसली. थांबलो नाही. लुगडं डोक्यावर घेतलं आणि डोह पार केला. मधल्या घसरणीच्या जागी हात आपोआप मागं गेला. लुगड्याला थेंब लागू दिला नाही. त्याचं होतं, त्याला कोरडंच द्यायचं होतं.

खाली पोचलो तेव्हा मांडव अजून उभा होता, आंब्याचे डहाळे सुकून गेले होते. मेव्हणा त्याच खांबाशी बसला होता. मला बघून उठायला लागला. मी त्याच्या मांडीवर घडी ठेवली.

"तिनं मागितलं नव्हतं," म्हणालो.

त्यानं घडीवर दोन्ही हात ठेवले. त्याची बायको आतून तांब्या घेऊन आली. घशाला कोरड पडली होती माझ्या. पाणी न पिता फिरलो आणि घळीला लागलो.