डेअरीच्या कॅमेऱ्यात पळणारी पोरगी

माझी लेक बिबट्याच्या तावडीतून वाचली, हे मला तिच्याच हातचा चहा पिताना कळलं. सकाळी मोठे दीर ओट्यावर बसून मोबाईलमधल्या बातम्या मोठ्यानं वाचत होते, रोज वाचतात तशा. वाचता वाचता थांबले, चष्मा पुसला आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. झुंजूमुंजू उजेडात एक मुलगी डेअरीसमोरून सावकाश येते, एकदम सुसाट पळत सुटते, तिच्या मागून काहीतरी काळं सरकतं आणि त्या काळ्याभोवती लाल गोल. वर ठळक अक्षरात, ‘बिबट्या मागे लागला? तरुणीने जीव मुठीत धरून ठोकली धूम!’

मुलगी आमची होती. आणि ते काळं म्हणजे डेअरीतलं कुत्रं. ते रोज तिच्या मागं पळतं.

निरगुडसरच्या शिवारात आमची वस्ती. लेक पोलीस भरतीची तयारी करत होती आणि ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, महिन्यावर आलं होतं. अकॅडमी लावायची तर रोज लांब जायचं, घरची कामं टाकायची. म्हणून तिनं मोबाईलवर पळण्याचं ॲप घेतलं. त्यात एक बाई इंग्रजीत सांगते, आता सावकाश, आता जोरात, आता पुन्हा सावकाश. पोरगी तिचा आवाज मुद्दाम मोठा ठेवायची. आमच्याकडं उसाच्या कडेनं एकटंदुकटं जायचं तर माणूस मोबाईलवर गाणं लावून जातो. बिबट्याला चाहूल लागली की तो आपणहून बाजूला होतो. हिनं गाण्याच्या जागी ती बाई लावली होती, एवढाच काय तो फरक. त्या दिवशी डेअरीपुढं बाई म्हणाली जोरात, म्हणून ही जोरात पळाली. कॅमेऱ्यात चित्र आलं, आवाज आला नाही.

आता कुणी म्हणेल, बाई, बिबट्या तर खरा आहे ना तुमच्याकडं. आहे ना! आमच्या गोठ्यातलं वासरू नेलंय त्यानं, मला नका शिकवू. म्हणून तर पोरगी उजाडल्याशिवाय बाहेर पडत नव्हती, रस्त्याच्या मधून पळत होती. पण आमच्या भागात पहाटे पळणाऱ्या पोरीच्या मागं काहीतरी लागलेलंच असणार, ती आपल्या मनानं पळतच नसणार, हे लोकांनी ठरवूनच टाकलंय. त्याचा मला संताप येतो.

दुपारपर्यंत फोनवर फोन. शिनोलीहून नणंद रडत बोलली, राजुरीहून मावशीनं कुठं कुठं ओरखडलंय ते विचारलं. मी प्रत्येकीला सांगितलं, अगं, काही झालेलं नाही, ती व्यायाम करत होती. मावशी म्हणाली, तू घाबरलीस म्हणून लपवतेस. आमचे मोठे दीर तर त्याच्यावर कडी. पोरगी समोर बसून शेंगा फोडत होती. तिला एका शब्दानं विचारायचं सोडून ते तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून बघत होते, मोठा करून बघत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! शेवटी तिनंच ॲपमधला नकाशा उघडून त्यांच्यापुढं ठेवला. डेअरी ते पाण्याची टाकी, टाकी ते डेअरी, तिच्या चकरा लाल रेघेनं उमटलेल्या. मी म्हटलं, बिबट्या मागं लागल्यावर कुणी वळून वळून त्याच जागी येतं का? ते नकाशाकडं बघून म्हणाले, मोबाईलमधलं काय खरं धरायचं. आणि पुन्हा बातमी लावली!

वनखात्याची माणसं संध्याकाळी आली, रस्ता बघितला, कुत्र्याचे आणि माणसाचे ठसे आहेत म्हणाली, काळजी घ्या सांगून गेली. त्याची बातमी झाली नाही. मग मीच त्या बातमीवाल्याला फोन लावला. शेजारच्याच गावचा पोरगा, स्वतःचं बातम्यांचं ॲप चालवतो. वहिनी वहिनी करत लई गोड बोलला. मी म्हटलं, बातमी काढ, माझ्या पोरीचं नुकसान होतंय.

“वहिनी, आमी कुठं म्हणलंय बिबट्या व्हता? प्रश्नचिन्ह टाकलंय की.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्याशा प्रश्नचिन्हाआड हा सुखानं बसला आणि आमचं घर उघड्यावर. वर मलाच म्हणतो, बातमी जोरात चाललीय, ताईंना कॅमेऱ्यापुढं दोन शब्द बोलायला सांगा. मी त्याला जे काही सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

रात्री जेवताना मोठ्या दिरांनी निकाल दिला. रस्त्यावर पळणं बंद, काय करायचं ते अंगणात करा. मी म्हटलं, मी जाते रोज तिच्यासोबत, काठी घेऊन जाते. ते म्हणाले, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? घरात हा प्रश्न एकदा पडला की पुढं कुणाला बोलता येत नाही. मी नवऱ्याकडं बघितलं. त्यांनी भाकरी मोडली आणि आमटीत कुस्करली. थोरल्या भावापुढं ते आजवर बोलले नाहीत, त्या दिवशी तरी कुठले बोलायला! त्यांचाही मला राग आला, अजून आहे.

मग पोरगी गोठ्याला वळसे घालत पळू लागली. खालती फरशी, दोन पावलं टाकली की वळण. तिच्या नडग्या दुखायला लागल्या, मी रोज तेल चोळून द्यायची. एवढ्याशा जागेत ॲपला ती हलतेय हेच कळेना. ती घामानं निथळत असायची आणि ते विचारायचं, व्यायाम थांबवायचा का? पहिले काही दिवस ती हसली. मग तिनं ॲप लावणंच सोडून दिलं. मग पळणं.

ग्राउंडला मी आणि तिचे वडील दोघंही गेलो. आत सोडत नाहीत, फाटकाबाहेर उभे राहिलो. ती बाहेर आली तेव्हाच मला कळलं. गोळा चांगला पडला होता, आठशे मीटरला दम तुटला. थोडक्या मार्कांनी राहिली.  घरी येऊन ती तशीच बूट घालून भिंतीकडं तोंड करून निजली.

मोठे दीर आत आले. मनानं वाईट माणूस नाही तो. तिच्या उशाशी बसले, डोक्यावरून हात फिरवला आणि मायेनं म्हणाले, “जाऊ दे बाळा, पुढच्या भरतीत व्हईल. पण मधी सराव का सोडलास गं तू?”

 मीच बोलले. “भावजी, त्या बातमीपायी सोडला.”

“कंची बातमी?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. ते आठवायचा प्रयत्न करत होते. खोटं बोलत नव्हते, खरंच विसरले होते.